फ्रिजवरचं परिपत्रक

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीत मुनिरकाच्या अलीकडच्या रस्त्यावर काटेसावरीची फुलं पडलेली असतात. फूल जड असतं, पडताना आवाज होतो. सफाई कामगार सकाळी ती फुटपाथच्या कडेला लोटतात. शाळेच्या बस परत येईपर्यंत रस्ता पुन्हा लाल झालेला असतो. त्याच आठवड्यात कडुनिंबाची पानं गळतात. या शहरात पानगळ आणि शाळेचं नवं वर्ष बरोबरीने येतात. याची सवय व्हायला आम्हाला काही वर्षं लागली. आमच्या लहानपणी शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. इथे ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, दीड महिना धुळीत चालते आणि ऊन असह्य झालं की बंद पडते.

रजया पेटीत जातात. कूलरच्या जाळ्या धुऊन गॅलरीत उन्हाला लावल्या जातात. मग फोनवर शाळेचा निरोप येतो : नव्या सत्रासाठी पालकांचं ओरिएंटेशन, उपस्थिती अनिवार्य. दरवर्षी निरोप तोच असतो. इयत्तेचा आकडा बदलतो. यंदा चार.

सम्यक, आमचा मुलगा, चौथीत जाईल. पुस्तकांचा गठ्ठा आला आहे. तपकिरी कागदाची गुंडाळी, कात्री, चिकटपट्टी आणि नावाच्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर आहेत आणि आम्ही आठवडाभर सोफ्यावर बसून जेवतो आहोत. सतरा पुस्तकं, बावीस वह्या. प्रशांत, माझा नवरा, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. कव्हर घालण्याचं काम तो फाइलीसारखं करतो, कडा दोनदा मोडून. मी बातम्यांच्या डेस्कवर काम करते. माझी कव्हरं वेळेत होतात, पण कोपरे सुटतात. हे काम दर मार्चमध्ये करताना कुणीच कुणाशी फारसं बोलत नाही. दमलेल्या माणसांना हातांना काम असलं की गप्प बसायची सोय होते.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये या टेबलापाशी चौथी खुर्ची होती. नाना, प्रशांतचे वडील, तिथे बसत. परभणीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यानंतर ते आमच्याकडे आले, तेव्हा सम्यक तीन वर्षांचा होता. मी संध्याकाळच्या पाळीला, प्रशांत मंत्रालयात. सम्यकच्या दिवसाचा मोठा भाग नानांच्या ताब्यात होता. त्यामुळे आमच्या घरातलं सगळ्यांत अस्सल मराठी त्या वेळी दिल्लीत जन्मलेल्या मुलाच्या तोंडी होतं. आम्ही दोघं 'अच्छा, चलो, ऑफिसला लेट होतंय' म्हणणारे. सम्यक म्हणायचा, 'नाना, तुमी काय करायलाव?' डेस्कवरच्या पुण्याच्या सहकारी बाईंनी ते एकदा फोनवर ऐकलं आणि विचारलं, "हा कुणाचा मुलगा गं?"

"परभणीचा," मी म्हटलं होतं.

त्या वर्षीचं ओरिएंटेशन शाळेच्या सभागृहात नव्हतं, पहिलीच्या वर्गात होतं. पालकांना मुलांच्या खुर्च्यांवर बसवण्यात आलं. गुडघे छातीशी आले. समोर भिंतीवर कागदी सूर्य, त्याला डोळे आणि पापण्या. समन्वयक मॅडम चाळिशीच्या असाव्यात. आवाज बसलेला होता, आमची त्या दिवसातली तिसरी तुकडी होती.

"पेरेंट्स, तैयारी बच्चों की नहीं, आपकी करानी है," त्या म्हणाल्या. "बच्चे तो आ जाते हैं. रोते आप लोग हैं."

सगळे हसले. मग सूचना सुरू झाल्या. डबा स्वतः उघडता आला पाहिजे. बुटाचा पट्टा स्वतः लावता आला पाहिजे. झोप साडेआठला. पाण्याच्या बाटलीवर नाव. गेटवर मिठी एकदाच, लांबवायची नाही. आणि मधेच कधीतरी, पाणी पिता पिता, "घर में एक ही लैंग्वेज रखिए. हिंदी या इंग्लिश, जो स्कूल की है. नहीं तो बच्चा कन्फ्यूज़ होता है." पुढचं वाक्य रंगपेटीबद्दल होतं.

आमच्या शेजारी एक बंगाली जोडपं होतं, पुढे एक मल्याळी आई. त्यांनी ते वाक्य ऐकलं असणारच. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. पुढच्या वर्षी ती मल्याळी आई गेटवर मुलीला मल्याळममध्ये रागावताना दिसली. प्रशांतने मात्र सगळं लिहून घेतलं होतं. डायरीत, क्रमांक घालून.

याला कारण आहे, आणि ते प्रशांतच्याही आधीचं आहे. नानांच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. नाना दुसरीत असताना मास्तरांनी त्यांना सहज म्हटलं होतं, "पोराला शेतावर नेत जाऊ नका." मास्तरांना त्या आठवड्यापुरतं म्हणायचं असावं. नानांच्या वडिलांनी ते जन्मभरासाठी धरलं. ज्वारीच्या काढणीला माणूस मिळत नव्हता, तेव्हाही नानांना बोलावलं नाही. एकटे काढत राहिले. ही गोष्ट नाना हसून सांगायचे, पण ती विनोदी गोष्ट म्हणून सांगत नसत. ज्या घरांत शाळा उशिरा आली त्या घरांत शाळेचं बोलणं तपासून घेत नाहीत. तोंडी सूचनेचा लेखी आदेश होतो आणि तो पाळला जातो.

प्रशांतने घरी आल्यावर तो टाईप केला. नऊ मुद्दे. मी डोळ्याखालून घातला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. सातवा मुद्दा असा होता : 'घरात सम्यकशी फक्त हिंदी किंवा इंग्रजीत बोलावे.' कागद फ्रिजवर लागला, चार कोपऱ्यांना चार चुंबकं.

नानांनी चष्मा लावून तो उभ्याने वाचला. फ्रिजचं दार उघडं राहिल्याचा आवाज यायला लागेपर्यंत वाचला. दूध काढायला आले होते आणि दार उघडंच राहिलं होतं.

"कधीपासून लागू?" त्यांनी विचारलं.

"एक तारखेपासून," प्रशांत म्हणाला.

"सही कुठंय?"

"नाना, घरातला कागद आहे."

"बिनसहीचा कागद चालत नाही. उद्या कुणी म्हणंल, मी नाही काढला."

प्रशांतने हसत सही केली. मग नानांनी खिशातलं पेन काढलं आणि सहीच्या खाली, डाव्या बाजूला, त्यांच्या बारीक उभ्या अक्षरात लिहिलं : 'वाचले.' खाली सही, तारीख. आम्ही त्याचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. हसण्याच्या खुणा खूप आल्या.

एकतीस मार्चपर्यंतचे ते पाच-सहा दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. डब्याची तालीम : सम्यक जमिनीवर बसलेला, पुढे रिकामा स्टीलचा डबा, नाना घड्याळ घेऊन. "उघड. बंद कर. आता उघड. शाब्बास. आता मॅडमला दाखव." मॅडम नानाच. सम्यकने बोट वर करायचं आणि बाथरूमला जाण्याची परवानगी मागायची. "नाना, मी जाऊ का?" "नाना नाही, मॅडम." "मॅडम नाना, मी जाऊ का?" गॅलरीत वाळत घातलेली कूलरची गवताची जाळी, तिचा ओला वास. खाली भंगारवाल्याची हाळी. आणि नानांचा आक्षेप, जो त्यांनी रोज एकदा नोंदवला : "एप्रिलात शाळा भरते म्हणजे काय? मग पोरानं आजोळी जायचं कधी?"

एक तारखेला सकाळी सात वाजता सम्यक गेटातून आत गेला. रडला नाही. मिठी एकच झाली.

त्या दिवसापासून घरातले आवाज बदलले. मी आणि प्रशांत सम्यकशी हिंदीत बोलू लागलो. आमची हिंदी कार्यालयातली होती, म्हणजे मुलाला आम्ही 'कृपया' आणि 'तुरंत' म्हणत होतो. नानांची हिंदी परभणीच्या बाजारातली होती, मुसलमान मित्रांबरोबर वाढलेली, भरदार. पहिल्या दिवशी ते सम्यकला म्हणाले, "मेरेकू बता, क्या पढाए आज?" आठवड्याभरात सम्यक वर्गात 'मेरेकू' म्हणाला आणि मुलं हसली. त्याने घरी येऊन नानांना सांगितलं, "मेरेकू नहीं होता. मुझे होता है. आप गलत बोलते हो."

त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तो सहा वर्षांचा होता आणि त्याला दिलेली माहिती पुढे देत होता.

नानांनी मान हलवली. त्यानंतर ते सम्यकचं पहिलीचं हिंदीचं पुस्तक दुपारी वाचताना दिसू लागले. मुलगा शाळेत असताना. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. माझी पाळी दुपारी तीनला सुरू व्हायची. निघताना मला ते तसे दिसायचे आणि मी चप्पल घालून निघून जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "सुजाता, 'मन लगाकर' म्हणजे मन लावूनच ना?" मी हो म्हटलं. कॅब खाली थांबली होती.

पुढे ते सम्यकशी कमी बोलू लागले. जे बोलत ते पुस्तकातलं असे. "बेटा, हाथ धो लो." "बेटा, शाम हो गई." सम्यकनेही त्यांना नाना म्हणणं सोडलं, शाळेत आजी-आजोबांच्या दिवसासाठी जे भेटकार्ड करून घेतलं त्यावर 'दादाजी' होतं, तेच राहिलं. घरात भांडण झालं नाही, कुणी आवाज चढवला नाही. म्हणूनच आम्हाला काही कळलं नाही.

जुलैच्या पालकसभेत वर्गशिक्षिकेने सम्यकची प्रगती सांगितली. सगळं समाधानकारक. उठताना प्रशांतने अभिमानाने सांगितलं की आम्ही घरातली भाषा बदलली. बाईंनी वहीतून मान वर काढली.

"क्यों? अरे नहीं नहीं, वो तो मैम सबको बोल देती हैं. इतना सीरियसली कौन लेता है? मराठी बोलिए ना घर पे. अच्छा ही है."

त्या रात्रीपासून प्रशांत सम्यकशी मधूनमधून मराठी बोलू लागला, मीही. सम्यक हिंदीतच उत्तर द्यायचा. नियम असा मोडला नाही, झिजला. नानांना बोलावून, बसवून, 'तो मुद्दा रद्द' असं सांगायला हवं होतं. ते कुणी केलं नाही. मला वाटलं प्रशांतने सांगितलं असेल, प्रशांतला वाटलं त्यांना दिसतंच आहे. कागद फ्रिजवर होता. सगळेच कागद असतात तसा.

ऑक्टोबरमध्ये नाना परभणीला गेले. दिल्लीची थंडी झेपत नाही, असं त्यांनी सांगितलं. थंडी अजून आली नव्हती. दिवाळीच्या साफसफाईत मी फ्रिज पुसला, कागद काढला, चार चुंबकं डब्यात ठेवली.

आमच्या वसाहतीपासून थोड्या अंतरावर बुद्धविहार आहे. विदर्भ-मराठवाड्यातली, नोकरीसाठी इथे आलेली कुटुंबं रविवारी सकाळी तिथे जमतात. वंदना झाल्यावर चहा असतो, आणि मार्चमधल्या एका रविवारी चहानंतर ज्यांची मुलं पहिलीला चालली आहेत अशा आईवडिलांना जुने आईवडील चार गोष्टी सांगतात. कुठले कागद लागतात, गेटवर काय होतं, पहिल्या आठवड्यात मूल का चिडतं. कुणी हे ठरवून सुरू केलं नाही. गावाकडून सल्ला मागवता येत नाही, कारण गावाकडे शाळा जूनमध्ये भरते आणि तिथलं सगळं निराळं असतं. या कामासाठी एक छापील यादी असते. ती मी करते. मूळ मसुदा प्रशांतच्या त्या कागदाचा. फक्त 'सम्यकशी'च्या जागी 'मुलांशी' झालं. गेली तीन वर्षं मार्चमध्ये मी ती फाइल उघडते, तारीख बदलते, प्रती काढते. सातव्या मुद्द्यात एक स्वल्पविराम मी एका वर्षी घातला आणि पुढच्या वर्षी काढला. मजकुराकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या मजकुराकडे पाहणं हे माझं काम आहे.

यंदाच्या रविवारी शीतल आली होती. वाशिमची, तिशीच्या आतली. नवरा मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर, पहाटे कंपनीच्या बसने जातो. ती एका दवाखान्यात लॅबमध्ये. मुलगी आर्या एप्रिलपासून पहिलीत. बरोबर शीतलच्या सासूबाई होत्या. त्या मागे खांबाला टेकून बसल्या होत्या, मुलगी मांडीवर, आणि तिला खिडकीतलं कबुतर दाखवत होत्या. "पाय माय, कसं टुकुटुकु पाऊन राह्यलं." मुलीने कबुतराऐवजी आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंडाची तशीच हालचाल करून म्हटलं, "पाऊन राह्यलं."

शीतलने यादी वाचली. पेनाने टिक करत वाचली. सहापर्यंत टिका झाल्या.

"ताई," ती म्हणाली, "बाकी सगळं करतो आम्ही. हा सातवा कम्पल्सरी आहे का?"

मी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "करून टाका मॅडम. दोन महिने जड जातं, मग सवय होते."

"सवय होईल हो," शीतल म्हणाली. "पण आमच्या आईंना हिंदी येत नाही. आर्या दिवसभर त्यांच्याजवळ असते. मग त्यांनी तिच्याशी बोलायचंच नाही का?"

"त्यांना शिकवा थोडी."

"आईंना?" शीतल हसली. "त्या मला मराठी शिकवतात अजून. माझं पाणचट आहे म्हणतात."

लोक हसले. सासूबाईंना आपल्याबद्दल बोलणं चाललंय एवढं कळलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे. नाना फ्रिजसमोर उभे होते तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता, पाठ पाहिली होती.

माझ्या धंद्यात एक साधा नियम आहे. चूक ज्या पानावर छापली, दुरुस्तीही त्याच पानावर छापायची. आतल्या पानात, बारीक टाइपात नाही. मी शीतलकडून पेन घेतलं आणि तिच्या प्रतीतला सातवा मुद्दा खोडला. मग सगळ्यांकडून प्रती मागून घेतल्या आणि एकेकीतला खोडला. सव्वीस प्रती होत्या. चहा गार झाला. मागचे गृहस्थ म्हणाले, "का हो, नियम बदलला का?"

"नियम नव्हताच," मी म्हटलं. "आमच्याकडून चुकून छापला गेला."

नानांचा फोन दर रविवारी संध्याकाळी सहाला येतो. आधी ते प्रशांतशी बोलतात, मग माझ्याशी. जयभीम, तब्येत, पाणी येतं का, हवा कशी. मग फोन सम्यककडे जातो. त्या संध्याकाळी मी कव्हर घालता घालता ऐकलं. इतके रविवार ऐकलंच होतं.

"नमस्ते बेटा. कैसे हो?"

"ठीक हूँ दादाजी."

"नई किताबें आ गईं?"

"हाँ दादाजी."

"मन लगाकर पढ़ना."

"ओके दादाजी. बाय."

फोनवर वेळ दिसते : एक मिनिट दहा सेकंद. मी सम्यकच्या हातातून फोन घेतला. नानांनी अजून फोन ठेवला नव्हता.

"नाना, तुम्ही सम्यकशी हिंदीत का बोलता?"

"आदेश आहे ना."

"कुठला आदेश?"

"फ्रिजवरचा. सात नंबर."

"नाना, तो कागद आम्ही कधीच काढून टाकला. शाळेनेच सांगितलं, तसं काही नव्हतं. अडीच वर्षं होतील आता."

तिकडे टीव्ही चालू होता. त्यांनी तो बंद केला असावा, आवाज गेला.

"काढला असंल," ते म्हणाले. "मला कुणी कळवलं नाही."

"तुम्हाला राग आला होता का?"

"राग कशाला? मी सही केली होती, सुजाता. सही केल्यावर आपल्या मनानं मोडायचा नसतो." मग त्यांनी विचारलं, "ऊन किती आहे तिकडं?"

मी ऊन किती आहे ते सांगितलं.

प्रशांतला मी जेवताना हे सांगितलं. तो जेवायचा थांबला नाही. हात धुतल्यावर मात्र त्याने कव्हरांचा पसारा एका बाजूला सारला आणि लॅपटॉप उघडला. मसुदा त्याने एकट्याने केला. मी संपादनाला हात लावला नाही.

'प्रति, नाना, परभणी. विषय : घरगुती सूचना क्रमांक ७ रद्द करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर सूचना शाळेच्या बोलण्याचा चुकीचा अर्थ लावून काढण्यात आली होती. ती काढण्यापूर्वी आपले म्हणणे विचारण्यात आले नाही. ती रद्द झाल्यावर आपणास कळविण्यात आले नाही. दोन्ही चुका या कार्यालयाच्या आहेत. सदर सूचना तात्काळ रद्द समजावी. आपला, प्रशांत.'

'आपला' या शब्दावर तो थोडा वेळ थांबला. कार्यालयीन पत्रात 'आपला विश्वासू' लिहितात. त्याने तेवढंच ठेवलं. छापलं, सही केली. मग सम्यकला बोलावून त्याचीही सही घेतली. सम्यकला अजून सही नाही. त्याने वहीच्या चिठ्ठीवर लिहितात तसं पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिली.

"ये क्या है?" त्याने विचारलं.

"आजोबांना पत्र आहे," प्रशांत म्हणाला. "तू त्यांच्याशी मराठीत बोलायचास, आठवतं?"

"थोडा थोडा," सम्यक म्हणाला. "बात समझ में आती है. बोलता नहीं हूँ."

पत्र सोमवारी पोस्टाने गेलं. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचून विचारलं, व्हॉट्सॲप क्यों नहीं कर देते? प्रशांत म्हणाला, सरकारी है.

शुक्रवारी रात्रीपर्यंत काही आलं नाही. शनिवारी दुपारी फोनवर एक फोटो आला. आमचंच पत्र, एका लाकडी टेबलावर ठेवलेलं, कोपऱ्यावर चष्म्याची सावली. प्रशांतच्या सहीच्या खाली, डाव्या बाजूला, बारीक उभं अक्षर, आता थोडं कापणारं : 'वाचले. नोंद घेतली.' सही. तारीख. हा फोटो आम्ही कुठल्याच ग्रुपवर टाकला नाही.

आज रविवार. परवा शाळा सुरू होईल. ओरिएंटेशन झालं; मॅडम त्याच होत्या, आवाज तसाच बसलेला. भाषेबद्दल यंदा त्या काही बोलल्या नाहीत, किंवा बोलल्या असतील आणि मी लिहून घेतलं नसेल. शीतलचा सकाळी निरोप आला, आर्याला डबा उघडता येतो, पण बंद करायला ती आजीकडेच देते. खालच्या रस्त्यावर सावरीची फुलं संपत आली आहेत, आता तिचा कापूस उडेल आणि मुलं आठवडाभर शिंकतील. आठ वह्यांना कव्हर घालायचं राहिलं आहे.

सहा वाजता फोन वाजला. या वेळी नानांनी आधी सम्यकलाच मागितलं. सम्यकने फोन कानाला लावला. पलीकडून आवाज मोठा होता, तो टेबलापर्यंत ऐकू आला. इतके दिवस ऐकत होते त्यापेक्षा जाड आणि सैल आवाज.

"काय करायलास रे?"

सम्यकने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"मम्मा, 'करायलास' मतलब?"

मला येत होतं. प्रशांतलाही येत होतं. त्याने तोंड उघडलं होतं. मी मानेनेच त्याला नको म्हटलं.

"त्यांनाच विचार," मी म्हटलं.

त्याने विचारलं. हिंदीतच विचारलं. मग तो फोन घेऊन गॅलरीत गेला, जिथे कूलरची जाळी वाळत होती, आणि कठड्याला टेकून उभा राहिला. मी कात्री उचलली. पहिल्या वहीचं कव्हर झालं. दुसरीचं झालं. प्रशांतने तिसरी माझ्या हातातून घेऊन कोपरे पुन्हा दुमडले. गॅलरीतून सम्यकचा आवाज येत होता, एक शब्द दोनदा म्हणून पाहणारा. पाचव्या वहीला कागद संपला, तरी तो आत आला नव्हता.